शपथ नको, प्रश्न विचारा

दारू सोडवण्याचे घरगुती उपाय आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहेत. आधी उपदेश, मग भांडण, मग मुलाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ आणि शेवटी अबोला. शपथ पगाराच्या दिवशी मोडते आणि घरचे म्हणतात, "याला सोडायचीच नाही." हा निष्कर्ष बहुतेक वेळा चुकीचा असतो.

पिणाऱ्याच्या मनात एकाच वेळी दोन बाजू भांडत असतात. बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत पाळीने काम करणारा एखादा कामगार घ्या. त्याचे एक मन म्हणते, 'रात्रपाळीने अंग आंबते, घेतल्याशिवाय झोप लागत नाही.' दुसरे म्हणते, 'खाडे वाढलेत, ठेकेदार काढून टाकील, पोरीची फी राहिली आहे.' आपण दुसऱ्या मनाची बाजू घेऊन तावातावाने बोलू लागलो की, त्याला पहिल्या मनाची वकिली करावी लागते. माणूस जे स्वतःच्या तोंडाने पुन्हा पुन्हा बोलतो, ते त्याला अधिकच पटू लागते. त्यामुळे आपल्या उपदेशाने त्याचे पिणेच पक्के होते.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ साली एका लेखात याच्या उलट रीत मांडली. पुढे १९९१ साली स्टीफन रोलनिक यांच्यासह त्यांनी त्यावर पुस्तक लिहिले. या रीतीला 'मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग' म्हणतात. आपण तिला प्रेरक संवाद म्हणू. दारू सोडण्याची कारणे आपण सांगायची नाहीत, ती त्याच्याच तोंडून येऊ द्यायची, हे तिचे सूत्र.

समजा, आरोग्य केंद्रातील समुपदेशक ताई अशा कामगाराशी बोलत आहेत.

"दादा, दारूचा तुम्हाला काय उपयोग होतो?"

"झोप लागते, ताई. चार मित्र भेटतात."

"आणि त्रास काय होतो?"

"पोटात जळजळ होते. मुलगी हल्ली जवळ येत नाही."

"मुलगी दुरावली, हे तुम्हाला लागले आहे."

"लागणारच ना! पूर्वी मी कामावरून आलो की दारात उभी असायची."

"पिणे कमी करणे तुम्हाला किती महत्त्वाचे वाटते? शून्य ते दहात किती गुण द्याल?"

"चार."

"एक का नाही दिलात? चार का?"

शेवटचा प्रश्न नीट पाहा. 'दहा का नाही?' असे विचारले असते, तर त्याने सबबी सांगितल्या असत्या. 'एक का नाही?' म्हटल्यावर तो सोडण्याची कारणे सांगू लागतो. ताईंनी ती शांतपणे ऐकायची, त्याच्याच शब्दांत परत मांडायची आणि विचारायचे, "मग आता काय करावेसे वाटते?" माहिती द्यायची असेल तरी आधी परवानगी घ्यायची: "यकृताबद्दल थोडे सांगू का?"

नुसत्या बोलण्याने काय होणार, अशी शंका येईल. गोव्यात 'संगाथ' संस्थेने हे तपासून पाहिले. १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत, प्रमाणाबाहेर पिणाऱ्या ३७७ पुरुषांवर हा अभ्यास झाला आणि २०१७ साली तो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापला गेला. बोलणारे डॉक्टर नव्हते. प्रशिक्षण दिलेली साधी स्थानिक माणसे होती. त्यांनी प्रेरक संवादावर बेतलेल्या जास्तीत जास्त चार बैठका घेतल्या. तीन महिन्यांनी, मागच्या १४ दिवसांत थेंबही न घेतलेल्यांचे प्रमाण या गटात ४२ टक्के होते. केवळ नेहमीचे उपचार मिळालेल्यांत ते १८ टक्के होते. सगळेच सुटले नाहीत, पण फरक मोठा आहे.

घरच्यांनी यातून काय घ्यावे? तो प्यालेला असताना विषय काढू नये. सकाळी, शुद्धीत असताना काढावा. एका वेळी एकच प्रश्न विचारावा आणि उत्तर पुरते ऐकावे. एक दिवस जरी न पिता आला, तरी 'आज कसे जमले?' असे विचारावे. पुन्हा घसरला तर सारे संपले असे मानू नये; घसरणे हा या आजाराचाच भाग आहे. मात्र घरात मारहाण होत असेल तर संवादाची वाट पाहू नका. आधी स्वतःला व मुलांना सुरक्षित ठेवा, ११२ किंवा १८१ वर फोन करा.

दोन धोके लक्षात ठेवा. ज्याचे हात सकाळी घेतल्याशिवाय थरथरतात, त्याची दारू घरात एकदम बंद करू नका. दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो आणि जिवावर बेतू शकते. त्याला ग्रामीण रुग्णालयात किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. 'नकळत दारू सोडवा' अशा जाहिरातींची औषधेही जेवणात कालवू नका. अशा काही औषधांवर दारू पोटात गेली तर रक्तदाब एकदम कोसळतो.

व्यसन जडलेल्यांसाठी पुण्यात 'मुक्तांगण' आहे. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली पु. ल. देशपांडे यांच्या देणगीच्या आधाराने ते सुरू केले. फोनवर सल्ला हवा असल्यास व्यसनमुक्तीची राष्ट्रीय सेवा १४४४६ वर आणि 'टेलिमानस' १४४१६ वर विनामूल्य मिळते.

तोवर या आठवड्यात घरी एक करून पाहा. उपदेशाचे एक वाक्य गिळा आणि त्या जागी एक प्रश्न विचारा.