हाताने घडवलेला सांधा
गाडीला एका मार्गावरून दुसऱ्या मार्गावर वळवणारा सांधा बाजारात तयार मिळत असतानाही अमेरिका व ब्रिटनमधील प्रतिकृती-रेल्वेचे अनेक छंदोपासक तो हातानेच घडवतात, कारण त्यामुळे वळणाचा कोन आपल्या आराखड्याला हवा तसा ठेवता येतो. एचओ प्रमाणात, म्हणजे मूळ रेल्वेच्या 1:87 आकारात, दोन रुळांमधील अंतर 16.5 मिलिमीटर असते. तांब्याचा पातळ थर दिलेल्या स्लीपरांवर रूळ सोल्डरने जोडतात; मात्र दोन्ही रुळांचे विद्युतध्रुव विरुद्ध असल्याने प्रत्येक स्लीपरवरचा थर मध्ये कापावा लागतो, अन्यथा शॉर्टसर्किट होते. खरे कौशल्य पणाला लागते ते दोन मार्गांचे आतले रूळ परस्परांना छेदतात त्या ‘फ्रॉग’ नावाच्या टोकदार भागात. सहा क्रमांकाच्या फ्रॉगमध्ये सहा एकक लांबीमागे हे रूळ एक एकक दूर जातात आणि निवडलेल्या मार्गानुसार फ्रॉगचा ध्रुव बदलावा लागत असल्याने, धातूच्या फ्रॉगला दोन्ही बाजूंनी रुळांत फट पाडून विलग करतात. गाडीला एका किंवा दुसऱ्या मार्गावर वळवण्यासाठी सरकणारी पाती कानशीने इतकी निमुळती करावी लागतात की ती बाहेरच्या रुळाला बेमालूम चिकटावीत. येथे घाई झाली तर चाक नेमके पात्याच्या टोकावर घसरते, म्हणून प्रत्येक टप्प्यावर एक सुटा डबा हाताने ढकलून पाहणे ही सर्वांत विश्वसनीय कसोटी ठरते.