चार हजारांत तीन पाय

पहाटे ५.४०

बॅलार्ड इस्टेटमध्ये या वेळी रस्ते मोकळे असतात, एवढ्यासाठीच इतक्या लवकर यायचं. इथल्या एका इमारतीची दगडी दर्शनी बाजू नुकतीच धुऊन-पुसून, सांधे भरून पुन्हा नीट केली आहे. वास्तुविशारदाला तिचे फोटो हवेत, तेही समोर गाड्या लागायच्या आत. अलेक्झांड्रा डॉक खोदताना निघालेल्या मातीच्या भरावावर १९१४ ते १९१८ या काळात पोर्ट ट्रस्टने हा भाग वसवला आणि आराखडा जॉर्ज विटेटचा, गेटवेवाला. सगळ्या इमारती एका उंचीच्या, एका शिस्तीतल्या. त्यामुळे कॅमेरा जरासा कलला तरी फोटोत अख्खी ओळ पडायला आल्यासारखी दिसते.

माझा असिस्टंट बदलापूरहून येतो. जे. जे.त उपयोजित कलेच्या दुसऱ्या वर्षाला आहे, सुट्टीत माझ्याकडे काम करतो. ट्रायपॉड त्याच्या खांद्यावर. हेडसकट साडेतीन किलोचा माझा हा जुना गडी हलत नाही, आणि हलवताही येत नाही.

आयएसओ १००, एफ ८, शटर दोन सेकंद. पाय उघडतोय तोवर वॉचमन हजर. "परमिशन है क्या?" मोबाइलवर तासभर फोटो काढा, कुणी हटकत नाही, तीन पाय जमिनीला लागले की तुम्ही 'प्रोफेशनल' ठरता आणि तुमच्याकडे कागद असावा लागतो. तो असतो माझ्याकडे. दाखवला.

सकाळी ८.१०

उडप्याकडे इडली. "मॅडम, आज दुपारी बोरा बाजारला जायचं ना?" हे त्याने तिसऱ्यांदा विचारलं.

कारण असं, की शनिवारी हा मित्रांबरोबर पुरुषवाडीला काजवे टिपायला निघालाय. अकोले तालुक्यात, पावसाच्या तोंडावर, हिरडा-बेहडा-सादड्याच्या झाडांवर काजवे उतरतात आणि झाडंच्या झाडं एका लयीत उघडमीट करतात. त्याच्याकडे कॅनन १५००डी आहे आणि तिच्याबरोबर आलेली १८-५५ची लेन्स. ट्रायपॉड नाही. लग्नांत, हळदीत दुसरा कॅमेरा धरून जमवलेले चार हजार रुपये आहेत.

माझा घेऊन जा म्हटलं, तर खांदा चोळत हसला.

सकाळी ९.३०

त्याच इमारतीच्या आतलं काम. जिना, लाकडी कठडा, मग दुसऱ्या मजल्यावरचं कार्यालय. खोल्यांचे फोटो मी साधारण चार फुटांवरून घेते. त्याहून वर गेलं की टेबलांचे नुसते माथे दिसतात आणि छत अंगावर येतं. माझा ट्रायपॉड सहा फुटांच्या वर जातो, पण त्याचे खालचे टप्पे दिवसेंदिवस उघडत नाहीत. हे मी पोराला मुद्दाम दाखवलं. त्याने मान डोलावली, पण पटलेलं दिसलं नाही. वीस वर्षांच्या मुलाला ट्रायपॉड आपल्या डोळ्यांपर्यंत यायला हवा असतो.

दुपारी १२.४५

जेवताना मोबाइलवरची यादी निघाली. पाच ट्रायपॉड, पाचांचे आकडे. एकाची उंची पावणेसहा फूट, दुसरा आठ किलो पेलतो, तिसऱ्याचा एक पाय काढून मोनोपॉड होतो, चौथ्याबरोबर मोबाइल होल्डर, ब्लूटूथ रिमोट आणि पिशवी फुकट.

मी विचारलं, "तुझ्या कॅमेऱ्याचं वजन किती?"

शोधलं. बॉडी पावणेपाचशे ग्रॅम, लेन्स दोनशे. म्हणजे पाऊण किलोच्या आतच. मग आठ किलो पेलणारा कशाला? बरं, हा 'पेलण्याचा' आकडा प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने काढते. आठ किलो ठेवल्यावर मोडणार नाही, असा त्याचा अर्थ असू शकतो. आठ किलो ठेवून अर्धा मिनिट शटर उघडं राहिलं तरी फोटो कडक येईल, असा तो बहुधा नसतो. आकडा आपल्या कॅमेऱ्याच्या वजनाच्या तिप्पट असला की तो विसरून जावा आणि हात लावून बघावं.

काजव्यांच्या फोटोचं गणित वेगळं आहे, ते त्याला ठाऊक होतं. अठरा मिलिमीटर, एफ ३.५, आयएसओ १६००, तीस सेकंद. आणि असे पन्नास-साठ फोटो ओळीने काढून नंतर एकावर एक चढवायचे. म्हणजे अर्धा तास कॅमेरा तसूभर सरकता कामा नये. पहिल्या फोटोतलं झाड आणि पन्नासाव्यातलं झाड एकाच जागी हवं. इथे उंचीचा काय उपयोग? उलट पाय जितके कमी उघडतील तितकं बरं. शेवटचा टप्पा करंगळीएवढा बारीक असतो आणि थरथर तिथूनच वर येते. नळीचा व्यास थोडा कमी झाला तरी ताठपणा पुष्कळ घटतो.

"मग उंची सोडायची?"

"उंची सोड. पैसे वाचतात, वजन वाचतं, आणि तुझा कॅमेरा तसाही जमिनीवर बसून चालवायचाय."

अडचण एकच. १५००डीचा स्क्रीन बाहेर वळत नाही, त्यामुळे कॅमेरा खाली ठेवला की मान वाकडी करून बघावं लागतं. या वयात चालतं.

दुपारी २.३०

बोरा बाजार. सीएसएमटीपासून हाकेच्या अंतरावरची ही गल्ली आणि तिच्या आजूबाजूची दुकानं म्हणजे मुंबईतल्या फोटोग्राफरांचं माहेर. फ्लॅश, छत्र्या, बॅटऱ्या, अल्बमचे पुठ्ठे, जुन्या लेन्स. ओळखीच्या दुकानात गेलो. मालक काका माझ्याआधीपासून या धंद्यात आहेत. "या मॅडम. भाऊला काय दाखवू?"

"स्टँड दाखवा. ट्रेकला न्यायचाय. चारच्या आत."

पहिला ट्रायपॉड आला तो लांबलचक, हलका, पायांच्या मध्ये प्लॅस्टिकचा आडवा जोड असलेला. किंमत दीड हजार. व्हिडिओ कॉलला, मोबाइलला, घरच्या बारशाला उत्तम. काकांना मी काय करणार ते माहीत असतं, म्हणून ते गालात हसत होते. पाय पूर्ण उघडले, मधला दांडा खालीच ठेवला, माथ्यावर तळहात टेकवला आणि हलकेच पिळला. सगळा ट्रायपॉड कमरेतून वळला. पोराने हात लावून पाहिला आणि स्वतःच बाजूला सरकवला. तो आडवा जोड असला की पाय ठरावीक कोनापुढे फाकतही नाहीत. डोंगरउतारावर एक पाय आडवा टाकायची वेळ येते तेव्हा अडतं.

दुसरा सेकंडहँड होता. तीन टप्प्यांचा, जाड नळ्यांचा, खटक्याच्या लॉकचा, दोन हजार दोनशेला. पिळून बघितला तर ढिम्म. माझं मन त्याच्यावर गेलं, खरं सांगते. पण वजन अडीच किलो आणि मिटल्यावर लांबी सव्वादोन फूट. संध्याकाळच्या बदलापूर लोकलमध्ये हा पाठीवर घेऊन शिरणाऱ्याला लोक काय म्हणतील ते मी इथे लिहू शकत नाही. शिवाय जड ट्रायपॉड घरी राहतो. "आज नको, उद्या नेऊ" असं म्हणत म्हणत कोपऱ्यात उभा राहतो आणि त्यावर टॉवेल वाळतात.

काकांनी हौसेने एक कार्बन फायबरचाही काढला. गित्झोने १९९४ साली कार्बनचे पाय पहिल्यांदा बाजारात आणले, तेव्हापासून डोंगरात जाणाऱ्या प्रत्येक फोटोग्राफरचं ते स्वप्न आहे. ॲल्युमिनियमपेक्षा हलका, थरथर लवकर जिरवणारा, थंडीत हाताला न चटकणारा. पोराने तो एका बोटावर तोलला, किंमत विचारली आणि अदबीने परत ठेवला. चार हजारांत कार्बन म्हणून जे मिळतं ते घेऊ नये, असं माझं मत. तिथे पैसा नळीत गेलेला असतो आणि हेड रडत असतं.

हेडकडे नवखे लोक बघतच नाहीत. चौथा ट्रायपॉड आवडला, तोही हेडमुळेच बाद झाला. पाय छान होते. १५००डी चढवला, लेन्स दुकानाबाहेरच्या पाटीवर रोखली, बॉल हेडची किल्ली घट्ट केली आणि हात काढला. पाटी चौकटीत हळूच वर सरकली. म्हणजे कॅमेऱ्याने मान टाकली. पुन्हा केलं, पुन्हा तेच. अंधारात चौकट जमवून किल्ली आवळायची आणि आवळताना ती बिघडायची. मग अर्धी रात्र त्यातच जाते.

पाचवा होता चार टप्प्यांचा ॲल्युमिनियमचा, पिळाच्या लॉकचा. पाय उलटे वर दुमडून हेडभोवती येतात, त्यामुळे मिटल्यावर जेमतेम सव्वा फूट. हेडसकट वजन सव्वा किलो. मधला दांडा न उचलता साधारण चार फूट. पिळून बघितला, किंचित दाद दिली, पण हात काढताच जागेवर. कॅमेरा चढवला, लाइव्ह व्ह्यू लावून दहापट मोठं करून पाटीवरचं एक अक्षर धरलं आणि पायाला बोटाने टिचकी मारली. अक्षर थरथरलं आणि टिकटिक मोजेपर्यंत थांबलं. मगाच्या दीड हजारवाल्यावर हाच प्रयोग केला तेव्हा अक्षर नाचतच राहिलं होतं. पोराचा चेहरा तिथे बदलला. माझ्या सकाळभरच्या बोलण्याने जे झालं नव्हतं ते त्या अक्षराने केलं.

आणखी दोन गोष्टी पाहिल्या. प्लेट आर्का पद्धतीची आहे का? होती. अडतीस मिलिमीटर रुंदीची ही प्लेट आता बहुतेक ठिकाणी चालते. उद्या हेड बदललं तरी जुनी वाया जात नाही. दुसरं, हेड पायांपासून सुटं होतं का? फिरवून काढलं, खाली तीन-अष्टमांश इंचाचा नेहमीचा आटा. म्हणजे पुढे पैसे आले की नुसतं हेड चांगलं घेता येईल. ज्या स्वस्त ट्रायपॉडचं हेड चिकटवलेलं असतं तो एक भाग बिघडला की अख्खा भंगारात.

काका म्हणाले चार हजार दोनशे. मी गप्प बसले. पोराने खिशातले चार हजार काउंटरवर ठेवले आणि तोही गप्प बसला. ही कला त्याला कुणी शिकवली देव जाणे. तीन हजार आठशेवर आले. उरलेल्या दोनशेत एक जादा प्लेट घ्यायला लावली, कारण प्लेट नेहमी दुसऱ्याच कॅमेऱ्याला लागलेली राहते आणि तिच्याशिवाय ट्रायपॉड म्हणजे तीन काठ्या. आणि पक्कं बिल. वॉरंटीचा कागद बिलाशिवाय कुणी बघत नाही.

दुपारी ४.००

ऑफिस. सकाळचे फोटो उतरवणं, उभ्या रेषा सरळ करणं, दोन बॅकअप. यात सांगण्यासारखं काही नाही. तो मात्र दिवे बंद करून आतल्या खोलीत अंधारात ट्रायपॉड उघडायचा सराव करत होता. पाय मिटलेले असताना एकाच पायाचे तिन्ही पीळ एका मुठीत धरून अर्धा वळसा द्यायचा, की सगळे टप्पे एकदम सुटतात. आवळताना मात्र वरून खाली, एकेक. जंगलात टॉर्च मारायची नसते. पांढऱ्या उजेडाने काजव्यांचं चित्त विचलित होतं आणि शेजारच्या फोटोग्राफरचं त्याहून जास्त. तेव्हा हाताला वाट माहीत हवी.

संध्याकाळी ७.२५

सीएसएमटीसमोर. १८८८ साली पूर्ण झालेली एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सची ही इमारत दिवे लागल्यावर कुठल्याही नव्या ट्रायपॉडची परीक्षा घ्यायला तयार असते. आकाश अजून निळं आहे, बसचे लाल दिवे रेघा ओढताहेत. फुटपाथच्या कडेला, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायात येणार नाही अशा बेताने उभे राहिलो. स्टेशनच्या आत ट्रायपॉड लावायला वेगळी परवानगी लागते, त्यामुळे आत जायचा विचारही नाही.

घुमटावरच्या प्रगतीच्या पुतळ्यावर फोकस, पंधरा सेकंद, दोन सेकंदांचा टायमर, लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद. कॅमेऱ्याचा पट्टा काढून ठेवायला लावला. वाऱ्यात तो फडफडतो आणि कॅमेऱ्याला घेऊन हलतो. पहिला फोटो मधला दांडा खाली ठेवून, दुसरा दांडा पूर्ण वर उचलून. मोठं करून शेजारी शेजारी पाहिले. पहिल्यात पुतळ्याचा उचललेला हात सुटा दिसतो. दुसऱ्यात पुतळा आणि आकाश एकमेकांत शिरलेत.

"दांड्याला टेप लावून टाकू का?" तो म्हणाला.

लावली तरी चालेल. मी लावली असती.

मग हूकला बॅग टांगून पाहिली. वाऱ्यात ती झोके घेऊ लागली आणि फोटो आणखी बिघडला. पट्टा सोडून तिचं बूड जमिनीला टेकेल इतकी खाली घेतली तेव्हा जमलं. तेवढ्यात हवालदार आले, किती वेळ चालणार म्हणून विचारलं. पाच मिनिटं म्हटलं, आणि खरंच पाच मिनिटांत आवरलं. हुज्जत घालण्यात निळं आकाश निघून जातं.

रात्री ८.१५

त्याने पाय दुमडले, ट्रायपॉड कॅमेऱ्याच्या बॅगेत आडवा मावला. बाहेर काही लोंबत नाही, हे त्याने दोनदा चाचपलं आणि बदलापूर गाठायला आत पळाला. मी टॅक्सी केली. उद्या पवईला एका हॉटेलचं काम आहे आणि माझा साडेतीन किलोवाला तर हवाच.

रात्री १०.२०

त्याचा मेसेज. घरी पोचलाय, ट्रायपॉड गच्चीवर लावलाय, पण तीस सेकंदांचे साठ फोटो काढायचे तर साठ वेळा बटण दाबायचं का? कॅमेऱ्यात आपोआप ओळीने काढायची सोय सापडत नाहीये.

नाहीच ती या मॉडेलमध्ये. लॉक होणारी साधी केबल घे, असं कळवलं. कॅमेरा सलग फोटोंच्या मोडवर ठेवायचा, शटर तीस सेकंद, फोकस मॅन्युअल, केबलचं बटण पुढे सरकवून अडकवायचं; तो सोडेपर्यंत काढत राहील. काही शेकड्यांत मिळते, काकांकडेच असेल. आणि बॅटरी दुसरी ने, शटर इतका वेळ उघडं राहिलं की पहिली लवकर उतरते.

उत्तर आलं, "मॅडम, खिशात आता फक्त लोकलचा पास आहे."

शुक्रवारच्या हजेरीचे पैसे उद्या सकाळीच देते, असं लिहिलं आणि पवईसाठी पाच-पंचवीसचा गजर लावला.