घरच्या घरी आरसी रॉक क्रॉलर बनवताना: वेग विसरा, तोल सांभाळा

रिमोटवरची गाडी म्हटलं की डोळ्यासमोर येते ती सुसाट पळणारी, धूळ उडवणारी गाडी. रॉक क्रॉलर हा त्याच्या अगदी उलटा प्रकार. ही गाडी माणसाच्या चालण्याच्या वेगाने जाते, पण जिथे माणसालाही हात टेकून चढावं लागतं असा दगड ती चाकांवर चढून जाते. पुण्यात वेताळ टेकडी किंवा तळजाईला जो काळा कातळ उघडा पडलेला दिसतो, तो म्हणजे तिचं मैदान.

बाजारात तयार गाड्या मिळतात. ॲक्सियलची एससीएक्स-१०, ट्रॅक्ससची टीआरएक्स-४ या त्यातल्या नावाजलेल्या. पण आयात केलेली चांगली गाडी बरीच महाग पडते. मी सुटे भाग जमवून एक-दशांश प्रमाणातली गाडी बांधली, त्याला साधारण २३ हजार रुपये लागले. पैसे वाचले हे खरं, पण त्याहून मोठा फायदा वेगळा आहे. स्वतः बांधलेल्या गाडीत प्रत्येक भाग तिथे का आहे हे कळतं आणि मोडला तर दुरुस्तही करता येतो. या लेखात तेच ‘का’ समजून घेऊ.

आधी गणित: ताकद किती लागते?

नवीन माणूस पहिला प्रश्न विचारतो, ‘मोटर कुठली टाकू?’ चला, हिशोब करून पाहू.

समजा गाडीचं वजन २.८ किलो आहे आणि ती ४५ अंशांच्या उतारावर चढतेय. उतारावरून खाली ओढणारं बल सुमारे २ किलो वजनाइतकं होतं. टायरचा व्यास ११० मिमी, म्हणजे त्रिज्या ५.५ सेंमी. मग चारही चाकांवर मिळून टॉर्क लागतो २ × ५.५, म्हणजे ११ किलो-सेंमी.

आता गिअरिंग बघा. मोटरवरचा पिनियन १३ दात्यांचा, स्पर गिअर ८७ दात्यांचा: गुणोत्तर ६.६९. गिअरबॉक्सचं २.६. ॲक्सलमध्ये ३८ आणि १३ दाते: २.९२. तिन्हींचा गुणाकार जवळजवळ ५१. म्हणजे मोटर ५१ वेळा फिरते तेव्हा चाक एकदा फिरतं. मोटरला द्यावा लागणारा टॉर्क ११ भागिले ५१, फक्त ०.२२ किलो-सेंमी! गिअरमधलं घर्षण धरून दुप्पट केला तरी साधी ५४० आकाराची ब्रश्ड मोटर तो आरामात देते.

मग अडतं कुठे? दोन ठिकाणी. टायर घसरतो, नाहीतर गाडी उलटते. म्हणजे मोठी मोटर घेऊन उपयोग नाही. पैसा आणि डोकं दोन्ही पकड आणि तोल यावर खर्च करायचं.

मोटर निवडताना ‘टर्न’ हा आकडा बघा. तो म्हणजे तारेचे वेढे. वेढे जास्त, तर वेग कमी आणि नियंत्रण बारीक. रेसिंग गाड्यांत कमी टर्नची मोटर असते, क्रॉलरला ३५ ते ५५ टर्नची घ्या. ७.४ व्होल्टवर ५५ टर्नची मोटर मिनिटाला साधारण ९ हजार फेरे मारते असं धरलं, तर वरच्या गिअरिंगने गाडीचा वेग ताशी पावणेचार किलोमीटरच्या आसपास येतो. एवढा पुरे.

डिफरन्शियल लॉक का करायचं?

आपल्या रस्त्यावरच्या गाडीत डिफरन्शियल असतं, कारण वळताना बाहेरचं चाक जास्त अंतर कापतं. पण त्याचा एक तोटा आहे. एक चाक हवेत गेलं की ते एकटंच गरगर फिरत बसतं आणि जमिनीवरच्या चाकाला काहीच मिळत नाही. चिखलात अडकलेली जीप आठवा.

खडकांत एखादं चाक हवेत असणं ही रोजची गोष्ट. म्हणून क्रॉलरमध्ये पुढचा आणि मागचा दोन्ही ॲक्सल लॉक असतात. डावं-उजवं चाक एकाच वेगाने फिरतं. याची किंमत म्हणजे वळायला जागा जास्त लागते. टीआरएक्स-४ मध्ये रिमोटवरून लॉक उघडण्याची सोय आहे, पण पहिल्या गाडीला एवढा गुंता नको. कायमचा लॉक असलेला धातूचा ॲक्सल घ्या.

चासी आणि लिंक: इथे हात काळे होतात

चासीसाठी ३ मिमी ॲल्युमिनियमच्या दोन लांब पट्ट्या पुरतात. दोन्ही पट्ट्या एकमेकींना क्लॅम्प करून एकदमच ड्रिल करा, म्हणजे भोकं जुळतात. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या ॲक्सलमधलं अंतर, ३१३ मिमी ठेवलं तर बाजारातल्या बऱ्याच बॉडी बसतात.

ॲक्सल चासीला चार दांड्यांनी जोडायचा. याला फोर-लिंक म्हणतात. खालच्या दोन लांब, वरच्या दोन थोड्या आखूड. मी ६ मिमीचा ॲल्युमिनियम रॉड कापला, टोकांना २.५ मिमीचं भोक पाडून एम-३ चे आटे पाडले आणि त्यात ग्रब स्क्रू घालून प्लॅस्टिकचे बॉल-एंड बसवले. टॅप फिरवताना अर्धा आटा पुढे, पाव आटा मागे, आणि थेंबभर तेल. घाई केली तर टॅप आतच तुटतो.

दोन वरच्या दांड्या चासीकडे जवळ आणि ॲक्सलकडे लांब, किंवा उलट, अशा तिरक्या असाव्यात. हा त्रिकोण ॲक्सलला डावी-उजवीकडे सरकू देत नाही. चारही दांड्या समांतर ठेवल्या तर ॲक्सल आडवा डुलतो.

चासीच्या पोटाला स्किड प्लेट हवी, कारण दगडावर पोट टेकणारच. तिथे गाडी अडकू नये, घसरावी. यासाठी महागडं मटेरियल नको. भाजी चिरायचा जाड पांढरा प्लॅस्टिक बोर्ड मिळतो ना, तो करवतीने कापता येतो, गुळगुळीत असतो आणि मार खातो. स्वयंपाकघरातला नेऊ नका मात्र, नवा आणा!

थ्रीडी प्रिंटर असेल तर ब्रॅकेट छापता येतात. पीएलए टाळा. ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं, आणि एप्रिल-मे महिन्यात उन्हात बंद उभ्या कारच्या आत, काचेखाली तेवढं तापमान होऊ शकतं. पीईटीजी बरं.

तोल: अर्ध्या तासाचा प्रयोग

गाडी किती अंशांत उलटेल हे आधीच मोजता येतं.

आडवा तोल बघायचा तर गाडी एका फळीवर आडवी ठेवा आणि फळी हळूहळू उचला. वरच्या बाजूची चाकं सुटतात तो कोन मोबाईलच्या लेव्हल ॲपवर वाचा. दोन्ही टायरच्या मध्यांमधलं अंतर १९० मिमी असेल आणि गुरुत्वमध्य ९० मिमी उंचीवर असेल, तर गाडी साधारण ४७ अंशांवर उलटते. तोच ७० मिमीवर आणला तर जवळजवळ ५४ अंश. नुसत्या दोन सेंटिमीटरने सात अंश मिळाले!

चढावर मागे उलटण्याचं गणित वेगळं. तिथे वजन पुढे किती आहे हे महत्त्वाचं. साध्या वजनकाट्यावर पुढची दोन चाकं ठेवा, मागची चाकं तेवढ्याच उंचीच्या पुस्तकावर. पुढे पडणारं वजन एकूण वजनाच्या किती टक्के आहे ते काढा. गुरुत्वमध्य ९० मिमीवर धरून हिशोब असा येतो:

- पुढे ४० टक्के: सुमारे ५४ अंशांवर उलटते
- पुढे ५० टक्के: सुमारे ६० अंश
- पुढे ६० टक्के: सुमारे ६४ अंश

म्हणून बॅटरी पुढे आणि शक्य तितकी खाली बसवा. वजन वाढवायचंच असेल तर ते चाकांच्या रिममध्ये किंवा ॲक्सलवर पितळेच्या रूपात वाढवा, छतावर शोभेचं सामान लादून नाही. छोटा जेरीकॅन, टायर, शिडी हे फोटोत छान दिसतं, कातळावर मात्र तेच गाडीला खाली पाडतं.

टायर मऊ रबराचेच घ्या. आत हवा नसते, फोम असतो. रिमला छोटं भोक असलं की आतली हवा बाहेर जाते आणि टायर दगडाला मिठी मारतो. पावसाळ्यात कातळावर शेवाळ चढलं की हा सगळा हिशोब कोलमडतो, तेव्हा खरी परीक्षा मार्चमध्येच घ्या.

इलेक्ट्रॉनिक्स: चार तारा, एक सापळा

रेडिओ २.४ गिगाहर्ट्‌झचा घ्या. या बँडवर भारतात ठरलेल्या मर्यादेतल्या उपकरणांना वेगळा परवाना लागत नाही. ईएससी, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट, ‘ड्रॅग ब्रेक’ असलेलंच घ्या. ट्रिगर सोडला की ते मोटरला ब्रेकसारखं वापरतं आणि गाडी चढावर थांबून राहते. हा ब्रेक नसेल तर दगडाच्या मध्यावर बोट उचललं की गाडी सरळ खाली.

स्टिअरिंगला धातूचे गिअर असलेला २० ते २५ किलो-सेंमीचा सर्व्हो लागतो. आणि इथेच सापळा आहे. चाक दोन दगडांत अडकलं की असा सर्व्हो २ ते ३ अँपिअर ओढतो. स्वस्त ईएससीमधला बीईसी, म्हणजे सर्व्हो आणि रिसीव्हरला वीज देणारा भाग, तेवढाच देऊ शकतो. व्होल्टेज खाली बसतं, रिसीव्हर क्षणभर बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि गाडी ऐकेनाशी होते. लोक रेडिओला दोष देतात, पण दुखणं विजेचं असतं. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर रिस्टार्ट होतोय आणि आपण नेटवर्क तपासतोय.

उपाय सोपा: ५ अँपिअरचा वेगळा बीईसी लावा. तो रिसीव्हरला जोडण्याआधी ईएससीच्या प्लगमधली लाल तार बाहेर काढून तिला टेप गुंडाळा. दोन वेगवेगळे पुरवठे एकमेकांना जोडायचे नाहीत.

बॅटरी: इथे थट्टा नाही

लिथियम-पॉलिमर बॅटरी छोटी, हलकी आणि तितकीच बेभरवशाची, जर नियम पाळले नाहीत तर. आपण फ्लॅटमध्ये राहतो, घरात लहान मुलं, आजी-आजोबा असतात. म्हणून हे नियम न मोडण्याचे:

- चार्जिंग फक्त बॅलन्स चार्जरवर, १सी दराने. २२०० एमएएचच्या पॅकला २.२ अँपिअर.
- चार्जिंग चालू ठेवून झोपू नका, बाहेर जाऊ नका. गादी-सोफ्यावर नाही, फरशीवर ठेवा.
- दोन सेलचा पॅक पूर्ण भरला की ८.४ व्होल्ट. प्रत्येक सेल ३.२ व्होल्टच्या खाली जाऊ देऊ नका. ईएससीवर बॅटरीचा प्रकार निवडायची सोय असते, ती ‘लिपो’वर आहे ना ते तपासा.
- आठवडाभर वापरणार नसाल तर दर सेल ३.८ व्होल्टवर ठेवा.
- फुगलेला पॅक म्हणजे संपलेला पॅक. तो पुन्हा चार्ज करू नका आणि कचऱ्यात टाकू नका, ई-कचरा संकलनात द्या.

सुरुवात कुठून करायची?

पुण्यात बुधवार पेठ किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोड इथे तारा, कनेक्टर, बीईसी, सोल्डरिंगचं सामान मिळतं. ॲक्सल, गिअरबॉक्स, टायर ऑनलाइन मागवावे लागतात. क्रम असा ठेवा: आधी ॲक्सल आणि टायर, कारण त्यावर सगळी मापं ठरतात. मग चासी-लिंक, मग मोटर-गिअरबॉक्स, आणि इलेक्ट्रॉनिक्स शेवटी. धातूत जाणाऱ्या प्रत्येक स्क्रूला थ्रेडलॉकरचा थेंब द्या.

पहिल्या दिवशी कातळावर जाऊ नका. घरात उशा, पुस्तकं, पाटा-वरवंटा मांडा. एक चाक एका उशीवर चढवा, थांबा, बाकी तीन चाकं काय करतायत ते बघा. कुठली दांडी अडतेय, तार कुठे घासतेय, वजन कुठे कमी पडतंय हे तिथेच दिसेल, आणि तिथे पडलेली गाडी मोडत नाही. तिथे सगळं जमलं की मग टेकडी आहेच.