गोव्याची बाटली, बेळगावचं टेबल: खिशातलं बिल कामाला येतं का?

शनिवार-रविवार गोव्याला जाऊन येणारी बेळगाव, खानापूर, निपाणीकडची मंडळी परतताना डिकीत एखाद-दुसरी बाटली ठेवतातच. कुणाची वाईन, कुणाची फेणी. घाट संपला की एखादा ढाबा गाठायचा. जेवण त्याचं, बाटली आपली. 'पैसे मोजून घेतली, बिल खिशात आहे, मग अडचण कसली?' असं बहुतेकांना वाटतं. अडचण आहे, आणि ती दोन ठिकाणी येते: नाक्यावर आणि टेबलावर.

आधी नाक्याचं बघू. दारू हा राज्यघटनेनं राज्यांकडे दिलेला विषय आहे. जीएसटी आला तरी पिण्याच्या दारूला लागला नाही. प्रत्येक राज्य आपापलं उत्पादन शुल्क लावतं. गोव्यात ते कमी, म्हणून तर दरात एवढा फरक. पण दुकानदाराचं बिल एवढंच सांगतं की गोव्याचं शुल्क भरलंय. कणकुंबीला किंवा अनमोडला अबकारीवाले विचारतात ते कर्नाटकाच्या शुल्काबद्दल आणि वाहतुकीच्या परवान्याबद्दल. तिथं ते बिल उलट पुरावाच ठरतं, माल बाहेरचा असल्याचा.

तिलारी किंवा आंबोलीमार्गे आलात तर मध्ये महाराष्ट्र लागतो, म्हणजे एकाच प्रवासात दोन वेगळे कायदे. महाराष्ट्रातला कायदा १९४९ चा, मूळचा मुंबई दारूबंदी कायदा. (बेळगाव १९५६ पर्यंत मुंबई राज्यातच होतं, तेव्हा हाच कायदा इथंही होता.) सरसकट दारूबंदी गेली, कायदा मात्र राहिला. म्हणून तिथं आजही पिणाऱ्याकडे परवाना असावा लागतो: एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजन्म. परराज्यातली दारू विनापरवाना आणणं गुन्हा आहे आणि ज्या गाडीतून आणली ती गाडीही जप्त होऊ शकते. हजार रुपयांच्या बाटलीपायी गाडी पोलिसांच्या आवारात उभी करायची, हा हिशेब कुणाला परवडणार? दोडामार्ग, चंदगड, शिनोळी, बेळगाव हा सगळा आपल्याच पै-पाहुण्यांचा मुलूख. आपल्याला तिथं सीमा जाणवत नाही. अबकारी खात्याला मात्र ती अगदी ठळक दिसते.

आता टेबल. ऑस्ट्रेलियात, विशेषतः मेलबर्नकडे, आपली वाईन घेऊन हॉटेलात जाणं नेहमीचं आहे. हॉटेलवाला बूच काढून देण्याचे, ग्लासांचे थोडे पैसे घेतो, त्याला 'कॉर्केज' म्हणतात. तिथं परवान्याचीच तशी सोय आहे. आपल्याकडच्या बारचा, म्हणजे सीएल-९ चा, परवाना वेगळ्या धाटणीचा आहे. मालकानं सरकारी पेय महामंडळाकडून माल घ्यायचा, रजिस्टरला लावायचा आणि तोच विकायचा. तुमच्या टेबलावर गोव्याच्या लेबलची बाटली दिसली आणि त्याच वेळी तपासणी आली, तर ती कुणाची हे पटवून देईपर्यंत मालकाचा परवाना धोक्यात. मॅनेजर 'बाहेरची चालणार नाही साहेब' म्हणतो तेव्हा त्याला माजोरडा म्हणण्याआधी एवढं लक्षात घ्या. काही मोठी हॉटेलं कॉर्केज घेतातही, पण आधी फोन करून विचारावं आणि बाटली त्याच राज्यातली, बिलासकट असावी.

ढाब्याचं प्रकरण याहून नाजूक. त्याच्याकडे परवानाच नसतो. 'तू फक्त ग्लास आणि पाणी दे' म्हणणारं गिऱ्हाईक त्याला नको म्हणवत नाही, कारण चिकन-भाकरीचा धंदा त्यावरच चालतो. महाराष्ट्रात धाड पडली तर मालकावर कलम ६८ लागतं, विनापरवाना दारूअड्डा चालवल्याचं. पिणाऱ्यावर कलम ८४. त्यानं थेंबभर दारू विकलेली नसली तरी. कर्नाटकात सार्वजनिक जागी पिण्याला कलम १५-अ आहे. गिऱ्हाईक दंड भरून घरी जातं, पण ढाबा चालवणाऱ्या पोराच्या नावावर गुन्हा नोंदला जातो आणि हॉटेलच्या परवान्यासाठी धावपळ करायची वेळ आली की तो कागद पुढं येतो. आपल्या रस्त्यांवरचे किती ढाबे आपल्याच ओळखीच्या पोरांचे आहेत, ते वेगळं सांगायला नको.

खुद्द गोव्यातही बाटली घेऊन किनाऱ्यावर बसता येत नाही. २०१९ मध्ये उघड्यावर पिणाऱ्याला दोन हजार रुपये आणि टोळक्याला दहा हजार दंड ठरवला होता.

बडोद्याच्या पाहुण्यांकडे निघाला असाल तर बाटली नेऊच नका. गुजरातेत १९४९ चा तोच जुना कायदा दारूबंदीसकट चालू आहे. बाहेरून येणाऱ्याला तात्पुरता परवाना मिळतो, पण त्याच्या जोरावर हॉटेलच्या टेबलावर बाटली उघडता येत नाही.

हैदराबादकडे रेल्वेनं किंवा विमानानं जाणाऱ्यांनाही तेच. विमानात चेक-इन सामानात पाच लिटरपर्यंत चालते हे खरं, पण तो विमान सुरक्षेचा नियम आहे, अबकारीचा नव्हे. उतरल्यावर तेलंगणाचं खातं बाटली 'नॉन-ड्युटी-पेड' म्हणून ताब्यात घेऊ शकतं.