माहिती चौकट : अलंकार तेच, नावं इंग्रजी

चामोर्शीतल्या मराठी माध्यमाच्या दहावीला इंग्रजी तृतीय भाषा असते : लेखी 80, अंतर्गत 20 गुण. त्यातल्या अलंकारांच्या उजळणीचं बरंच काम मराठीच्या तासाला झालेलंच असतं.

• सिमिली म्हणजे उपमा : ‘वैनगंगा आईसारखी’. इंग्रजीतली खूण ‘लाइक’ किंवा ‘ॲज’.

• मेटाफर म्हणजे रूपक : ‘वैनगंगा ही आईच’. ‘सारखी’ गळालं.

• पर्सॉनिफिकेशन म्हणजे चेतनगुणोक्ती : ‘वैनगंगा रुसली’.

• अलिटरेशन म्हणजे अनुप्रास. इथे स्पेलिंग नव्हे, उच्चार बघा : ‘कॅट’ आणि ‘सिटी’ दोन्ही ‘सी’नं सुरू होतात, पण अनुप्रास नाही, ‘कॅट’ आणि ‘किंग’मध्ये आहे.



म्हणून कवितेची ओळ आधी मोठ्यानं वाचा, मगच अलंकाराचं नाव लिहा.