इब्राहीमखान गारदी : पानिपतपूर्वींची चाकरी

पानिपतच्या रणांत (पौष शुद्ध ८, शके १६८२, १४ जानेवारी १७६१) इब्राहीमखान गारद्यानें राखलेलें इमान सर्वश्रुत आहे. परंतु तत्पूर्वीं तो कोणाचा चाकर होता, हें न ठरवितां जुनीं पत्रें वाचल्यास अर्थाचा विपर्यास होतो. बीड जिल्ह्यांतील कागदांविषयीं तर ही सावधगिरी अवश्यच होय. कारण पेशवे व निजाम ह्यांच्या झटापटी ह्याच मुलुखांत व त्याच्या आसपास झाल्या.

प्रथम नांवाविषयीं. ‘गारदी’ हें आडनांव नसून कवायती पायदळाच्या शिपायाची ती संज्ञा आहे. फ्रेंच ‘गार्द’ शब्दापासून ती आली असें मानतात. सबब नुसता ‘गारदी’ म्हणजे इब्राहीमखान नव्हे. भाऊसाहेबांवर आक्टोबर १७५९ मध्यें पुण्यास घाव घालविणारा मुजफरखानही गारदीच. त्यास त्याबद्दल देहांत शासन झालें. ह्या दोघांची गल्लत वारंवार होते.

इब्राहीमखान बुसीच्या कवायतींत तयार झाला. पुढें तो निजामअल्लीकडे होता. तेथून निरोप मिळाल्यावर भाऊसाहेबांनीं त्यास पदरीं ठेविलें. फेब्रुवारी १७६० मध्यें निजामाचा बेत उदगिराकडून धारुरास जाऊन तेथील फौजेस मिळण्याचा होता. मराठ्यांनीं त्यास औशाजवळ वाटेंतच गांठलें. त्या प्रसंगीं इब्राहीमखानाचा तोफखाना जुन्या धन्यावरच चालला. पानिपतावर त्याचे आठ-नऊ हजार गारदी रोहिल्यांशीं भिडले. तो स्वतः जखमी होऊन शत्रूच्या हातीं लागला व मारला गेला.

आतां कागद पारखण्याची रीत. शुहूर सन मृगापासून पालटतो; त्यांत ५९९ मिळविले असतां ज्या इसवी सालीं तो सन सुरू झाला तें साल निघतें. शिंदखेडची लढाई (डिसेंबर १७५७) ‘समान खमसैन मया व अलफ’ म्हणजे ११५८ मधील. त्या सालच्या पत्रांतील इब्राहीमखान मोगलांकडील समजावा. ‘सितैन मया व अलफ’ म्हणजे ११६० मध्यें, उदगीरच्या प्रसंगीं, तो आपल्याकडील होय. राक्षसभुवनची लढाई (१० आगस्ट १७६३) ह्याच जिल्ह्यांत झाली. तिचा सन ‘अर्बा सितैन मया व अलफ’, ११६४. त्या प्रसंगाच्या कागदांत ‘गारदी’ आढळल्यास तो निश्चितपणें दुसरा कोणी. कारण इब्राहीमखानास पडून तेव्हां अडीच वर्षें लोटलीं होतीं.

कै. राजवाडे ह्यांनीं १८९८ सालीं ‘साधनां’चा पहिला खंड छापिला, त्यांत मित्या लावण्यासच सर्वाधिक श्रम पडले असतील, हें तो चाळणारास सहज कळतें. म्हणून संग्राहकांस विनंति अशी कीं, नक्कल करतांना पत्राचा मायना, सन, चंद्र व मोर्तब गाळूं नये. मजकूर तेवढा उतरून घेतल्यास, पानिपतावर आपल्याकरितां प्राण देणारा मनुष्य आपल्याच दप्तरांत शत्रु म्हणून नोंदला जावयाचा.