राजगिऱ्याचं पीठ एक्सट्रूडरमधून काढलं की काय बदलतं? मशीन घेण्याआधी समजून घ्या



राजगिऱ्याचे लाडू आणि चिक्की सगळेच बनवतात. म्हणून "आपण एक्सट्रूडर घेऊन काहीतरी वेगळं करू" असं तुमच्या मनात आलं असेल, तर विचार चांगलाच आहे. पण या मशीनमधून निघणारं पीठ आपलं नेहमीचं पीठ राहत नाही, त्याचा स्वभावच बदलतो. तो बदल ओळखा आणि मगच प्रॉडक्ट ठरवा.

मशीनमध्ये काय होतं?

चकलीचा सोऱ्या आणि प्रेशर कुकर एकत्र केला असं समजा. साधारण 14 ते 18 टक्के ओलावा असलेलं पीठ स्क्रू पुढे ढकलतो. 120 ते 150 अंश सेल्सिअस तापमान, दाब आणि घर्षण यामुळे ते मिनिटभराच्या आत शिजतं. डायमधून बाहेर पडताना दाब सुटतो, आतल्या पाण्याची वाफ होते आणि माल फुलतो. तो दळला की आपलं पीठ तयार.

पिठात काय बदलतं?

1. पाणी धरणं: स्टार्च आधीच शिजलेला असतो. घरी करून बघा. दोन ग्लास थंड पाण्यात एकेक चमचा पीठ ढवळा. कच्चं पीठ तळाशी बसेल, शिजलेलं पाणी शोषून दाटसर होईल. म्हणजे झटपट पेय, लापशी किंवा सूपच्या प्रीमिक्ससाठी हे पीठ उत्तम.

2. घट्टपणा: स्टार्चच्या साखळ्या तुटल्यामुळे गरम लापशी कच्च्या पिठाच्या लापशीपेक्षा पातळ होते. मग त्याच वाटीत जास्त पीठ, म्हणजे जास्त पोषण बसतं.

3. बांधणी: राजगिऱ्यात ग्लुटेन नाही, म्हणून पुरीसाठी आपण उकडलेला बटाटा घालतो. कच्च्या पिठात थोडं शिजलेलं पीठ मिसळलं तरी गोळा बांधायला मदत होते. नुसत्या शिजलेल्या पिठाचा मात्र चिकट गोळा होईल.

4. प्रथिनं: राजगिऱ्यात साधारण 13 ते 15 टक्के प्रथिनं असतात आणि त्यात लायसिन भरपूर. जास्त उष्णतेत, त्यातून साखर असेल तर, लायसिन कमी होतं आणि रंग काळपट पडतो. म्हणून साखर किंवा गुळाची पावडर नंतरच मिसळा.

खरी अडचण इथे आहे

राजगिऱ्यात 6 ते 8 टक्के स्निग्धांश असतो. त्यामुळे नुसता राजगिरा मक्यासारखा फुलत नाही. फुगीर स्नॅकसाठी बरेच जण मका किंवा तांदूळ मिसळतात. पण मित्रांनो, मका घातला की माल उपवासाचा राहिला का? आपला निम्मा ग्राहक तिथेच गेला! उपवासाचं मार्केट धरायचं असेल तर वरई किंवा साबुदाण्याबरोबर ट्रायल घ्या. आणि मशीन दुसऱ्याचं असेल तर आधी त्यात गहू किंवा मका चालला होता का, ते नीट साफ केलंय का, हे विचारा. "ग्लुटेन-फ्री" लिहायचं असेल तर हे आणखी महत्त्वाचं.

स्निग्धांशामुळे माल खवट होतो आणि सच्छिद्र असल्यामुळे लवकर सादळतो. म्हणून साधी पिशवी चालणार नाही, ओलावा आणि हवा अडवणारं पॅकिंग लागेल.

पहिलं पाऊल

लगेच मशीन बुक करू नका. आधी जॉबवर्कने छोटी बॅच काढून घ्या. पाकिटं भरा, दर पंधरा दिवसांनी एक उघडा, वास घ्या, चव बघा, वहीत लिहा. तीन महिन्यांनी त्या वहीत काय लिहिलंय, त्यावरून मशीनचा निर्णय घ्या.